शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावली की माल स्वस्त मिळतो? ऑनलाइन लिलावाचं घड्याळ नेमकं कुणाच्या बाजूनं?

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली बाजारभाव आणि हवामानाच्या अंदाजाबरोबर आणखी एक गोष्ट फिरते, ती म्हणजे लिलावाची नोटीस. कुठे फायनान्स कंपनीनं ओढून आणलेला ट्रॅक्टर, कुठे बँकेनं ताब्यात घेतलेला तालुक्याच्या गावचा गाळा, कुठे सरकारी खात्यानं भंगारात काढलेली जीप. पूर्वी असा लिलाव बँकेच्या दारात व्हायचा, चार माणसं गोळा व्हायची. आता तो मोबाईलवर होतो.

नोटिशीमागोमाग एक सल्लाही फिरतो. "लिलाव सुरू झाला की गप बसायचं. शेवटची दहा सेकंदं राहिली की बोली टाकायची. समोरच्याला सुचायच्या आत माल आपला."

ऐकायला बरोबर वाटतं. यूट्यूबवर तसे व्हिडिओही सापडतात. पण आपल्याकडच्या बहुतेक लिलावांत हा डाव चालत नाही. उलट त्याच्या भरवशावर राहिलेला माणूस एकतर लिलावाबाहेर पडतो, नाहीतर नको तेवढे पैसे देऊन बसतो. वेळेचा फायदा असतो, पण तो शेवटच्या दहा सेकंदांत नसतो. तो कुठे असतो, हे समजून घेण्याआधी हा सल्ला आला कुठून ते पाहावं लागेल.

सल्ल्याचं मूळ अमेरिकेत

अमेरिकेत १९९५ साली ईबे ही लिलावाची वेबसाइट सुरू झाली. घरातल्या जुन्या वस्तू लोक तिथे बोलीवर विकू लागले. भारतातही २००४ साली ईबेनं बाझी डॉट कॉम ही इथली लिलावाची साइट विकत घेतली आणि पुढे २०१८ पर्यंत ईबे इंडिया चालू होती. जुने मोबाईल, नाणी, तिकिटं यांच्या बोली तिथे लागायच्या.

ईबेच्या लिलावाचे दोन नियम महत्त्वाचे होते. पहिला, लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद. रात्री ९ वाजता म्हणजे ९ वाजता, त्यानंतर एक रुपयाही वाढवता येत नाही. दुसरा, आपण जास्तीत जास्त किती देऊ ते आधीच भरून ठेवता येतं आणि साइट आपल्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा एकानं ५,००० भरून ठेवले, दुसऱ्यानं ४,२००, आणि बोली १०० रुपयांनी वाढते. तर पहिल्याला वस्तू ४,३०० ला मिळते, ५,००० ला नाही.

आता सगळेच जण आपला खरा आकडा पहिल्याच दिवशी भरून मोकळे झाले, तर शेवटच्या सेकंदाला येऊन काहीच फायदा नाही. पण माणसं तशी वागत नाहीत. थोडे भरतात, कुणी वर गेलं की पुन्हा थोडे वाढवतात. अशा माणसाला उत्तर द्यायला वेळच मिळू नये म्हणून हुशार गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी बोली टाकायचं. पुढं पुढं तर हे काम आपोआप करणारी सॉफ्टवेअरंही निघाली.

अभ्यासात काय दिसलं?

या प्रकाराचा नीट अभ्यास अमेरिकेचे अल्विन रॉथ आणि जर्मनीचे अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स या दोन अर्थतज्ज्ञांनी केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. रॉथ यांना पुढे २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं, ते अर्थात वेगळ्या कामासाठी.

त्या काळी अ‍ॅमेझॉनही लिलाव चालवायची. फरक एकच होता. अ‍ॅमेझॉनवर शेवटच्या १० मिनिटांत बोली आली तर लिलाव आपोआप लांबायचा. कुणीही १० मिनिटं बोली लावली नाही, तरच तो बंद व्हायचा.

एवढ्या एका नियमानं सगळं चित्र बदललं. अभ्यासात पाहिलेल्या ईबेच्या लिलावांपैकी संगणकांच्या ४० टक्के आणि पुराण वस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या ५ मिनिटांत आली होती. अ‍ॅमेझॉनवर हेच प्रमाण जेमतेम ३ टक्के. माणसं त्याच प्रकारची, वस्तूही तशाच. नियम बदलला आणि शेवटच्या क्षणाची घाई जवळजवळ संपली.

म्हणजे शेवटच्या सेकंदाचा डाव हा त्या एका प्रकारच्या घड्याळापुरता होता. घड्याळ बदललं की डाव संपला.

आपल्याकडचं घड्याळ बाजार समितीसारखं

बँकेच्या ई-लिलावाची नोटीस नीट वाचली तर वेळेच्या रकान्यात बऱ्याचदा एक ओळ दिसते, "प्रत्येकी ५ मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह". कुठे ५ च्या जागी १० मिनिटं असतात. ही ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे.

या ओळीचा अर्थ असा. लिलाव दुपारी ४ ला संपणार आहे. कुणी ३ वाजून ५९ मिनिटांनी बोली टाकली, तर घड्याळ पाच मिनिटं पुढे सरकतं. त्या वाढीव वेळेत दुसऱ्यानं बोली टाकली, तर पुन्हा पाच मिनिटं. असं कितीही वेळा. समोरच्याला विचार करायला, घरी फोन करायला, भावाला विचारायला पुरेसा वेळ मिळतो. मग शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाकून फसवलं कुणाला?

शेतकऱ्याला खरं तर हे नवीन नाही. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारणारा "एक वार, दोन वार" म्हणतो आणि कुणी आकडा वाढवला की पुन्हा पहिल्यापासून मोजतो. बोली थांबल्याशिवाय "तीन वार" होत नाही. मुदतवाढीचा नियम म्हणजे तोच पुकारा, फक्त मोबाईलवर.

शेवटच्या क्षणाची वाट पाहण्यात आणखी एक धोका आहे, तो रेंजचा. वेळ मोजली जाते सर्व्हरच्या घड्याळावर, हातातल्या मोबाईलच्या नाही. ओटीपी उशिरा येतो, पान लोड होत नाही, लाइट जाते. रॉथ आणि ऑकेनफेल्स यांनीही हेच नोंदवलं होतं की अगदी शेवटी टाकलेल्या बोल्यांपैकी काही पोचतच नाहीत. रेंजसाठी गच्चीवर चढावं लागणाऱ्या गावात हा धोका किती, ते वेगळं सांगायला नको.

मग वेळेचा फायदा कुठे?

फायदा आहे, पण लिलाव सुरू होण्याच्या आधीच्या दिवसांत.

पहिली वेळ, अनामत भरण्याची. नोटिशीत राखीव किंमत असते, तिच्याखाली माल जात नाही. आणि इसारा किंवा अनामत रक्कम असते, मालमत्तेच्या लिलावात साधारण राखीव किमतीच्या १० टक्के. ती भरण्याची मुदत लिलावाच्या आधीच संपते. नोंदणी, आधार-पॅनची पडताळणी, अनामत, हे सगळं वेळेत झालं नाही तर लिलावाच्या दिवशी नुसतं बघत बसावं लागतं. बरेच जण इथेच गळतात, आणि बोली लावणारे जितके कमी तितका भाव कमी.

दुसरी वेळ, माल बघण्याची. असे लिलाव "जेथे आहे जसे आहे" तत्त्वावर असतात. नंतर इंजिन बसलं, घरात भाडेकरू निघाला, घरपट्टी किंवा वीजबिल थकलेलं निघालं, तर तक्रार ऐकून घेणारं कुणी नसतं. म्हणून पाहणीची तारीख नोटिशीत दिलेली असते. ट्रॅक्टर असेल तर मिस्त्रीला सोबत न्यावं, शक्य असेल तर चालू करून बघावा, इंजिन आणि चासी नंबर कागदाशी जुळवावा. घर किंवा गाळा असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीत थकबाकी विचारावी, शेजाऱ्यांशी बोलावं, वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत. फोटोवर विसंबून बोली लावणारा आणि प्रत्यक्ष पाहून बोली लावणारा, यांतला दुसराच स्वस्त घेतो. कारण कुठं थांबायचं हे त्याला माहीत असतं.

तिसरी वेळ, दुसऱ्या फेरीची. पहिल्या लिलावात कुणीच आलं नाही तर बँक तीच मालमत्ता पुन्हा काढते. पहिल्या विक्रीसाठी ३० दिवसांची नोटीस लागते, फेरलिलावासाठी १५ दिवसांची चालते. फेरलिलावात राखीव किंमत बऱ्याचदा खाली आणलेली असते. म्हणून जुनी नोटीस जपून ठेवावी आणि नवी आली की दोन्ही शेजारी ठेवून बघाव्यात. मात्र दोन-तीनदा परत आलेल्या मालाला गिऱ्हाईक का मिळालं नाही, हा प्रश्न आधी विचारावा. कधी किंमतच जास्त असते, कधी कागदात घोळ असतो.

चौथी वेळ, हंगामाची. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर सगळ्यांनाच हवा असतो. ज्याला घाई नाही त्यानं गर्दी नसताना बघावं. बाजारातल्या प्रत्येक गोष्टीला लागू पडणारी ही साधी रीत लिलावालाही लागू पडते.

जाणकारानं आपला हात दाखवू नये

एका बाबतीत मात्र उशिरा बोली लावण्यात अजूनही अर्थ आहे. रॉथ-ऑकेनफेल्स यांना ईबेवर पुराण वस्तूंच्या लिलावात शेवटच्या मिनिटांची गर्दी संगणकांपेक्षा जास्त दिसली. संगणकाची किंमत कुणालाही कळते, जुन्या वस्तूची पारख मात्र जाणकारालाच असते. जाणकारानं लवकर बोली लावली की बाकीच्यांना कळतं, या वस्तूत काहीतरी दम आहे.

आपल्याकडेही तेच. बैलबाजारात ज्या बैलाला पारखी माणूस हात लावतो, त्याच्याभोवती गर्दी जमते. म्हणून मिस्त्रीकीचं काम जाणणाऱ्यानं पहिल्या पाच मिनिटांतच मोठ्या उड्या मारू नयेत. पण नोटिशीत लिहिलेल्या पायरीनं, म्हणजे ५ किंवा १० हजारांनी, चालू राहावं. बऱ्याच पोर्टलवर कोण बोली लावतंय हे दिसतच नाही, त्यामुळे हा फायदा मर्यादित आहे हेही ध्यानात ठेवावं.

आकडा आधी, बोली नंतर

लिलावात स्वस्त घेण्याचं सगळ्यात पक्कं हत्यार म्हणजे आदल्या दिवशी कागदावर लिहिलेला एक आकडा. तो कसा काढायचा, ते एका उदाहरणानं बघू.

समजा, तसाच, त्याच वर्षाचा ट्रॅक्टर बाजारात ४ लाखांना मिळतो. लिलावातल्या ट्रॅक्टरला टायर आणि इंजिनकामाचे ५५ हजार लागतील असं मिस्त्री सांगतो. यार्डातून आणणं आणि आरटीओत नावावर करणं याचे १५ हजार. यार्डाचं भाडं आणि इतर आकार १० हजार. न दिसलेल्या दोषांसाठी २० हजार बाजूला. एकूण झाले १ लाख. म्हणजे ३ लाख हा शेवटचा आकडा. ३ लाखांच्या वर गेलं की तो ट्रॅक्टर स्वस्त राहत नाही, मग बोली कितीही जवळ वाटो.

मुदतवाढीचा नियम सगळ्यात जास्त घात करतो तो इथेच. प्रत्येक पाच मिनिटांनी मन म्हणतं, "आता फक्त पाच हजारच वाढवायचेत." असे दहा वेळा पाच हजार वाढले की पन्नास हजार होतात. समोरच्याला हरवायच्या नादात माणूस ट्रॅक्टर विसरतो आणि ईर्ष्येला पेटतो. लिहिलेला आकडा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावा आणि तो ओलांडला की मोबाईल खाली ठेवावा.

सरकारी जुन्या गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून, काही विशेष वाहनं सोडून, १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू राहत नाही. ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडीत काढायची असतात. त्यामुळे "सरकारी जीप स्वस्तात, रस्त्यावर चालवा" असं कुणी सांगत असेल, तर गाडीचं वय आणि लिलावाच्या अटी आधी बघाव्यात.

जिंकल्यानंतरचं घड्याळ जास्त कडक

बोली जिंकली की बहुतेकांना वाटतं, काम झालं. मालमत्तेच्या लिलावात खरी धावपळ तिथून सुरू होते.

बँका बहुतेक मालमत्ता २००२ च्या सरफेसी कायद्याखाली विकतात. त्याच्या नियमांप्रमाणे बोलीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावी लागते. अनामत त्यात धरली जाते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही.

हिशेब करून बघा. राखीव किंमत २० लाख, अनामत २ लाख, बोली गेली २४ लाखांवर. २५ टक्के म्हणजे ६ लाख. अनामतीचे २ लाख वजा जाता ४ लाख दुसऱ्या दिवसापर्यंत हवेत. पुढच्या पंधरा दिवसांत १८ लाख. सोसायटीचं कर्ज, सोनं मोडणं, भावकीतून उसने, यातलं काहीही इतक्या घाईत होईलच असं नाही. बँकेचं कर्ज काढायचं म्हटलं तर कागदपत्रांतच पंधरवडा जातो.

आणि रक्कम भरली नाही तर? भरलेले पैसे जप्त होतात आणि मालमत्ता पुन्हा लिलावात जाते. बँकेचं प्रत्यक्ष जेवढं नुकसान झालं तेवढंच कापावं, असं एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तो निकाल फिरवला आणि पूर्ण २५ टक्के रक्कम जप्त करणं योग्य ठरवलं. वरच्या उदाहरणात हे ६ लाख झाले. म्हणून पैशांची सोय आधी, बोली नंतर.

ओढून आणलेल्या वाहनांच्या लिलावात आणखी वेगळं असतं. सर्वांत मोठी बोली आपली असली तरी ती बऱ्याचदा विकणाऱ्याच्या मंजुरीवर अवलंबून असते. अटींत तसं लिहिलेलं असेल तर मंजुरीचा मेसेज येईपर्यंत गावात पेढे वाटू नयेत.

ज्याचं घर लिलावात आहे, त्याचं घड्याळ

प्रत्येक स्वस्त मालामागे कुणाचं तरी थकलेलं कर्ज असतं, आणि तो माणूस बऱ्याचदा याच पंचक्रोशीतला असतो. त्याच्यासाठीही वेळेचा नियम आहे, आणि तो जास्त निष्ठूर आहे.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर सरफेसी कायद्यात कर्जदाराला पूर्ण थकबाकी भरून मालमत्ता सोडवून घेता येते, ती लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या आधीपर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात हे स्पष्ट केलं. पूर्वी माणसं शेवटच्या दिवशी पैसे घेऊन बँकेत जायची. आता नोटीस पेपरात छापून आली की हा हक्क संपतो. त्यामुळे बँकेची ६० दिवसांची मागणी नोटीस आली की त्याच वेळी हालचाल करायला हवी. तडजोड, एकरकमी परतफेड, हप्ते बांधून घेणं, जे काय बोलायचं ते तेव्हाच.

शेतजमीन सरफेसी कायद्यातून वगळलेली आहे. म्हणून ती कधीच लिलावात जाणार नाही असं मात्र समजू नये. सहकारी संस्थांच्या थकबाकीसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली वसुलीची वेगळी वाट आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना फारशी माहीत नसते. लिलावातून बँकेचं देणं आणि खर्च फिटून वर काही उरलं, तर ते कर्जदाराला परत मिळायला हवं. कमी पडलं, तर बाकी त्याच्याच डोक्यावर राहते. म्हणून चार जणांनी आधीच ठरवून एकालाच बोली लावू देणं हे चलाखीचं काम नाही. त्यात बँकेइतकंच नुकसान त्या घराचं होतं, आणि असं संगनमत उघड झालं तर लिलावही रद्द होऊ शकतो.

खोट्या लिलावांपासून सावध

स्वस्ताच्या आशेवर जगणारे भामटेही आहेत. "बँकेनं ओढलेल्या बुलेट २० हजारात, आजच अनामत भरा" असे मेसेज फिरतात. खऱ्या लिलावात अनामत कुणाच्या फोन-पे नंबरवर जात नाही. ती नोटिशीत दिलेल्या खात्यात किंवा पोर्टलवरच्या पाकिटात जाते. सरकारी बँकांच्या लिलावातल्या मालमत्ता एकाच ठिकाणी बघता याव्यात म्हणून जानेवारी २०२५ मध्ये ‘बँकनेट’ हे पोर्टल नव्यानं सुरू झालं. सरकारी खात्यांचा बराच भंगार माल केंद्र सरकारच्या एमएसटीसी या कंपनीमार्फत विकला जातो. आलेली लिंक न दाबता पोर्टल स्वतः शोधावं आणि नोटिशीवरच्या शाखेत जाऊन खात्री करावी. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

थोडक्यात

- नोटिशीत मुदतवाढीची ओळ आहे का ते आधी बघा. असेल तर शेवटच्या सेकंदाचा डाव विसरा.
- नोंदणी आणि अनामत मुदतीच्या दोन-तीन दिवस आधीच पूर्ण करा.
- माल डोळ्यांनी बघा, जाणकाराला सोबत न्या.
- दुरुस्ती, वाहतूक, नावावर करणं, थकबाकी हे सगळं वजा करून शेवटचा आकडा कागदावर लिहा.
- मालमत्ता असेल तर २५ टक्के आणि १५ दिवसांचा हिशेब आधीच मांडा.
- फेरलिलावाची नोटीस जुन्या नोटिशीशी ताडून बघा.
- स्वतःचं कर्ज थकलं असेल तर लिलावाच्या नोटिशीची वाट बघू नका.

लिलावाच्या दिवशी हातात फक्त दोनच गोष्टी असतात, आकडा वाढवणं किंवा थांबणं. आदल्या आठवड्यात यार्डात एक चक्कर टाकलेली असेल आणि आकडा कागदावर लिहिलेला असेल, तर थांबणं सोपं जातं.